भाऊबिजेचा चिखल

चिखलाचा वास घेतल्याशिवाय ती बोलत नसे. पाण्याच्या कडेला वाकायची, चिमूटभर चिखल बोटांत चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची आणि मग निकाल द्यायची. निकाल दोनच. "जित्ता हाय," नाही तर "मेला." अधलामधला निकाल मी तिच्या तोंडून एकदाच ऐकला.

तुम्ही म्हणाल, चिखलाला कसला आलाय जीव? मीही तेच म्हणत असे. मी तेव्हा पंचविशीतला ओव्हरसियर होतो. पेटीत डिप्लोमा, डोक्यावर सोला टोपी, आणि जगातला कुठलाही प्रश्न लेव्हल लावली की सुटतो अशी पक्की खात्री. ती खात्री ज्यांनी ज्यांनी काढून घेतली, त्यांत हिचा नंबर पहिला. म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

चांद्याहून बदली होऊन मी सिंदेवाहीच्या बाजूला आलो, तेव्हा मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती. झाडीपट्टीतले गावोगावचे तलाव मालगुजारांकडून सरकारकडे आले होते आणि सरकारकडून आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडले होते. माझ्या वाट्याला आलेल्या एका गावाला दोन टेकड्यांच्या मध्ये मोठा जुना तलाव होता. होता म्हणजे त्याची पाळ, मातीचा बांध, होती, पाणी नव्हतं. मालगुजारी जाताजाता तिथल्या मालगुजाराने पाळ फोडून पाणी सोडून दिलं आणि तलावाच्या पोटात धान लावला. त्याला वाटलं, तलाव गेला तरी जमीन तरी हाती राहील. पहिल्या वर्षी धान छातीभर आला. दुसऱ्या वर्षी गुडघाभर. तिसऱ्या वर्षी जमिनीला हातभर भेगा पडल्या, गावातल्या विहिरी फाल्गुनातच आटल्या आणि मालगुजार नागपूरला राहायला गेला. पाळीचं खिंडार बुजवून द्या, असा अर्ज गावाने केला होता. तो अर्ज घेऊन मी गेलो.

ती मला पहिल्यांदा दिसली ती वैशाखाच्या उन्हात, कोरड्या तलावाच्या ऐन मध्यावर, डोक्यावर घागर घेऊन.

तलावाच्या पश्चिमेचा उथळ भाग काळ्या, भुसभुशीत गाळाचा होता. कमळाची, लव्हाळ्याची, देवधानाची मुळं पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुजून थरावर थर साचले होते. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानटी धान. पाणी गेल्यावर हा गाळ वाळला आणि कोणाच्या तरी विडीने पेटला. ज्वाळा नाहीत, नुसतं आतल्या आत धुमसणं. आज इथल्या भोकातून धूर, तर उद्या दहा पावलांवरून. ती बाई लांबच्या एका डबक्यातून पाणी आणून त्या भोकांत ओतत होती.

"बाई, एवढ्याशा पाण्यानं काय होणार?" मी विचारलं.

तिने मानही वर केली नाही. "जमिनीले ताप आला हाय जी. तापवाल्याले घोटभर तं पाजाच लागते."

तिला सगळं गाव मोठीबाई म्हणत असे, म्हणून मीही मोठीबाईच म्हणायला लागलो. ती ढिवर. तलावात जाळं टाकायचं, मासे, शिंगाडे, कमळकाकड्या काढायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. पाळीच्या खाली त्यांचा बारा घरांचा मोहल्ला होता. मी गेलो तेव्हा त्यातल्या सात घरांना कुलपं होती. तलाव आटला तशी माणसं कोळशाच्या खाणींवर निघून गेली होती. तिचा एकुलता एक मुलगा सुकरूही बायकोला घेऊन तिकडेच गेला होता.

"जाताना मने, माय, तलाव जित्ता झाला का बलावजो, मी येतो," तिने मला सांगितलं. "आता तुमी आले. पाळ बांधा, बाकी मी पाहातो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'पाहातो', 'जातो' म्हणतात. आणि 'बाकी मी पाहातो' असं तिने म्हटलं, की बाकी कोणी काही पाहण्यासारखं उरत नसे.

पाळीचं खिंडार चांगलं साठ हात रुंद होतं. माती भरपूर लागणार होती. चांगली चिकणमाती दीड मैलावर, बंड्या, म्हणजे बैलगाड्या, मोजक्या आणि मृग तोंडावर आलेला. अशा वेळी मला एक नामी कल्पना सुचली. पश्चिमेचा तो काळा गाळ शेजारीच पडला होता. पाळीच्या पोटात चिकणमाती भरायची आणि बाहेरच्या उताराला हा गाळ चढवायचा. तलावातला गाळही निघेल, पाळही रुंद होईल, एका दगडात दोन पक्षी. माझ्या वरिष्ठांनी पाठ थोपटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण त्या वेळी मला येत होती, पण स्वतःला लावायची सवय नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मोठीबाई खोदकामावर हजर. तिने गाळाचं एक ढेकूळ उचललं, फोडलं, नाकाशी नेलं.

"सायेब, हे नोका नेऊ."

"का?"

"जित्ता हाय हा."

तो वाळून खडखडीत झालेला, निम्माअर्धा जळालेला गाळ. मजूर हसले, मीही हसलो. "मोठीबाई, तीन वर्षं पाणी पाहिलं नाही यानं."

"तं काय झालं? बियानं निजलं हाय आतमंदी. निजनं अना मरनं एक हाय का जी?"

मी तिला गाळ काढण्याचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने ते उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं, मग ते ढेकूळ पदरात बांधलं. "घाई पान्याले नाई, तुमाले काऊन?" एवढं विचारून ती गेली. 'काऊन' म्हणजे कशाला. हे तिचं नेहमीचं वाक्य. पुढे मी ते इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही कोणी घाई करू लागलं की माझ्या तोंडात तेच येतं.

पाळ वेळेत पुरी झाली. नारळ फुटला, गूळखोबरं वाटलं. त्याच संध्याकाळी मोठीबाई माझ्या तंबूत आली आणि तिने टेबलावरच्या नकाशावर एक मडकं ठेवलं. आत तोच गाळ आणि त्यावर चार बोटं पाणी. गाळातून हिरवे कोंब वर आले होते. काही गवतासारखे, काही सुईसारखे, आणि एक नखाएवढं गोल पान पाण्यावर तरंगत होतं.

"हे देवधान. हा लव्हाळा. हे कमळ," तिने बोट लावून ओळख करून दिली. "पंधरा दिस झाले पानी टाकून."

टोचून एक शब्द बोलली नाही. तंबूच्या दारातून मला माझी पाळ दिसत होती. तलावाचं सगळं बियाणं मी उचलून त्या पाळीच्या पाठीवर लिंपलं होतं.

मग पाऊस आला आणि माझ्या चुकीची गावाला गंमत दाखवून गेला. पाळीचा बाहेरचा उतार हिरवागार झाला. ज्याने पाण्यात उगवायचं ते देवधान उंच पाळीवर उगवलं होतं. खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी करणाऱ्या बायका वर पाहून ओरडायच्या, "सायबानं तलाव पाळीवर चढवला व!" दसऱ्याच्या उन्हात ते सगळं करपून गेलं. आत तलाव तुडुंब भरला होता, पण पाणी विटेसारखं लाल. बेडूक नाही, शेवाळ नाही, बगळा एक पाय टेकवायला येत नव्हता. मोठीबाईने काठचा चिखल नाकाशी नेला आणि हात धुऊन टाकला.

"मेला," ती म्हणाली.

मी तिच्या घरी गेलो. सरकारी माणसाने ढिवरमोहल्ल्यात जाऊन चूक कबूल करायची, हे तेव्हाच्या रीतीत बसत नव्हतं. मी दारातच म्हणालो, "मोठीबाई, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात."

तिने पाट पुढे सरकवला. "बस बाबू. पेज घेशीन का?" त्या दिवसापासून मी तिच्यासाठी तुमीचा तू झालो. तांदळाची पेज पिताना मी विचारलं, आता बियाणं आणायचं कुठून?

"कुठून म्हंजे? माहेराहून," ती म्हणाली.

मला कळेना. तेव्हा तिने ते मला शिकवावं तसं सांगितलं. ढिवर आपली मुलगी कुठे देतो? ज्या गावाला तलाव आहे तिथे. आणि सून कुठून आणतो? तीही तलावाच्या गावाहून. म्हणजे मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईच्या माहेराला एक तलाव असायचाच. उरलेल्या पाच घरांत सासवा-सुना मिळून सहा बायका होत्या. सहा माहेरं, सहा तलाव. "अना भाऊबीज आठ दिसावर हाय," ती म्हणाली. मग तिने सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं आणि हुकूम सोडला, "औंदा कोनी लुगडं मागाचं नाई. भावाले तलाव मागाचा."

मी माझ्याकडची सरकारी बंडी देऊ केली, आणि प्रायश्चित्त म्हणा की कुतूहल म्हणा, तिच्याबरोबर तिच्या माहेरी गेलो. तिचा भाऊ तिच्याहून मोठा. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, कानांनी त्याहून कमी. त्याला पाटावर बसवून तिने ओवाळलं. त्याने चाचपडत ताटात नवं हिरवं लुगडं ठेवलं. तिने ते बाजूला सारलं.

"लुगडं राहू दे, दादा. मले चिखल दे."

"येडी झाली का व? इतक्या वर्सानं आली अना चिखल मांगते?"

"माहा तलाव मेला, दादा."

म्हातारा घरातलं कोणी गेल्यावर चौकशी करावी तसं एकेक विचारू लागला. "मरळ?"

"नाई."

"अडई उतरते का पान्यावर?"

"नाई."

"कमळ?"

"काईच नाई दादा, नुसतं पानी हाय."

तो उठला. सुना नको नको म्हणत असताना काठी टेकत तलावावर आला, लुगड्याचा काच्या मारलेल्या बहिणीचा हात धरून कमरेइतक्या पाण्यात उतरला. दोघं एकमेकांना धरून पायाच्या बोटांनी चिखलात कमळाचे कंद शोधत होती. एका जागचा कंद काढला की तीन पावलं सोडायची, मगच दुसरा. दोघांच्या मिळून वयाची बेरीज दीडशेला टेकली असेल आणि ती दोघं लहान पोरांसारखी, "सापडला का?" "तुहा पाय हाय तो, कंद नाई!" करत होती. मी काठावर टोपी हातात घेऊन उभा होतो आणि मला फार आनंद झाला होता.

परत आल्यावर म्हाताऱ्याने ताटात दोन्ही हातांनी चिखल ठेवला, कंदांसकट, देवधानाच्या लोंब्यांसकट. तेच नवं लुगडं पाण्यात बुचकळून त्याने वरून झाकलं. "हे बी ने. नाई तं वाटंनं वाळून जाईन," तो म्हणाला. मोठीबाईने त्याचे पाय धरले. बंडीत ती सगळी वाट त्या ओल्या लुगड्यावर पाणी शिंपडत बसली होती.

दोन दिवसांत बाकीच्या पाचजणीही आल्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांतून मानेवर ओघळलेला चिखल. एकीचा भाऊ म्हणे रुसला होता, बहीण ओवाळणी नाकारते म्हणून. तिने त्याच्या रुसव्यासकट शिंगाड्याचे वेल उपटून आणले होते. एकीने मडक्यात शिंगी आणि वागूर हे चिखलातले मासे जिवंत आणले होते. गावातले धानकरी, ज्यांनी पाळीवरच्या माझ्या धानाला हसून घेतलं होतं, तेही या मिरवणुकीकडे पाहत रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

लावणी मोठीबाईने तिच्या पद्धतीने केली. मी उत्साहाने लेव्हल लावून पाण्याच्या खोलीच्या खुंट्या मारून ठेवल्या होत्या. तिने त्या उपटून माझ्या हातात दिल्या.

"तुह्या दुर्बिनीले गुडघा हाय का?"

तिचं माप तिच्या अंगात होतं. लव्हाळा घोटाभर पाण्यात, देवधान गुडघ्याएवढ्या, कमळ कंबरभर. आणि सगळ्यांच्या आधी शेवाळ. "आधी अंथरून टाक, मंग पावने येतीन निजाले," असं ती म्हणे. कंद हाताने पुरायचे नाहीत, पायाने दाबायचे. दाबताना तो कुठे बसला ते टाचेला कळतं, डोळ्यांना कळत नाही. मीही पाटलोण गुंडाळून उतरलो. माझ्या उंचीमुळे माझा गुडघा तिच्या मांडीला येई, म्हणून मी लावलेली देवधानाची एक अख्खी ओळ तिने दुसऱ्या दिवशी उपटून पुन्हा लावली.

मग तिने गावाला बसवून रीत ठरवली. पश्चिमेच्या अंगाला म्हशी सोडायच्या नाहीत. दोन पावसाळे जाईपर्यंत तलावात कोणी जाळं टाकायचं नाही, ढिवरांनीही नाही. "ढिवरानं तं आधी नाई," ती म्हणाली. पाचही घरांनी मान्य केलं. तेवढे दिवस पोट कशावर भरायचं? मी पाटाच्या दुरुस्तीवर त्यांना कामाला लावलं. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेकडचं पाणी निवळू लागलं. आधी एका कोपऱ्यात, मग चादर ओढावी तसं थोडं थोडं इकडे. नाल्याच्या वाटेने नदीतली मरळ चढून आली. श्रावणात एका सकाळी दहा-बारा अडई पक्षी शीळ घालत उतरले. मी धावत मोहल्ल्यात गेलो. "मोठीबाई, आता जित्ता ना?"

तिने चिखलाचा वास घेतला. पहिल्यांदाच तिला निकालाला वेळ लागला. "कूस वळली हाय," ती म्हणाली. "आनखी एक साल. घाई पान्याले नाई, तुले काऊन?"

आणि त्याच श्रावणात सुकरू आला.

आईने त्याला बोलावलं नव्हतं. तलाव भरल्याची बातमी खाणीपर्यंत गेली होती. तो बायकोला घेऊन, भांड्याकुंड्यांसकट आला. अंगाने काटक, आईसारखाच ठाम, आणि खाणीला अगदी विटलेला. मोठीबाईने त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला हाका मारून सांगितलं, पोरगा आला म्हणून. तिला इतकी बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मरळ हा मासा तुम्ही पाहिला असेल, पण त्याची पिल्लं पाहिली नसतील. पाण्याच्या पृष्ठभागावर एक तांबूस गोळा हलताना दिसतो, मोठ्या परातीएवढा. तो पिल्लांचा. त्याच्या खाली हातभर अंतरावर आई असते. एरवी मरळ माणसाची चाहूल लागली की पळते, पण पिल्लं असली की ती जागची हलत नाही. तिला मारणं तेव्हा जगात सगळ्यात सोपं. म्हणूनच ढिवर तेव्हा तिला मारत नाहीत. हे त्यांच्यात कोणी कोणाला शिकवतही नाही.

सुकरूला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण पंधरा दिवस तो पेजेवर होता, समोर मासा हलत होता आणि आई जाळ्याला हात लावू देत नव्हती. एका सकाळी त्याने भाला टाकला. मी तेव्हा पाळीवर मोजमाप घेत होतो. आधी मला सुकरू हातात मरळ घेऊन वर येताना दिसला, मग घरातून धावत येणारी मोठीबाई. पाण्यावरचा तांबूस गोळा फुटला होता. दुसरे मासे चहूबाजूंनी येऊन पिल्लं गिळत होते आणि पाणी उकळल्यासारखं दिसत होतं.

"मायले मारलं. आता हे लेकरं कोन पोसन?" ती म्हणाली. आवाज चढलाही नव्हता.

"अना माहं पोट कोन पोसन?" सुकरू भडकला. "दोन पावसाळे झाले तलाव भरून. एवढ्यात कोनताबी तलाव माशानं भरते! तूच उपाशी ठेवून राह्यली सगळ्याइले. तुले तलाव प्यारा हाय का पोरगा?"

खरं म्हणजे त्याचा हिशोब बरोबर होता. बियाण्याचा तो गाळ जागच्या जागी राहिला असता तर पहिल्याच पावसात तलाव हिरवा झाला असता आणि येत्या दिवाळीलाच मोठीबाईने जाळी उघडली असती. एक अख्खं वर्ष माझ्या हुशारीत गेलं होतं. तिने एवढंच सांगायचं होतं, की उशीर माझ्यामुळे नाही, त्या सायबामुळे झाला. मी दहा हातांवर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आणि मी, टेप हातात धरून, गप्प राहिलो. मजूर पाहत होते, माझी पाळ पाहायला वरिष्ठ येणार होते, अशी पुष्कळ कारणं मी नंतर स्वतःला दिली.

"इथी राहाचं तं तलावाच्या रीतीनं राहा लागन," ती मुलाला म्हणाली. "तुह्यासाठी मोडली तं उद्या कोनाले अडवू मी?"

"मंग मी चाललो."

"जा."

तो दुपारी भांडीकुंडी बांधून गेला. मी संध्याकाळी तिच्याकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून रडत होती. पदर वगैरे न लावता, उघड. मी काहीतरी बोलायला गेलो.

"जेवला नाई तो जाताना," ती म्हणाली. "भात टाकला होता मी."

त्यानंतर मात्र तलावाकडे वाकड्या डोळ्याने कोणी पाहिलं नाही. जिने पोटच्या पोराची गय केली नाही, ती आपली काय करणार, हे सगळ्यांना कळलं. म्हशी राखणारे गुराखीसुद्धा पश्चिमेकडून वळसा घालून जाऊ लागले. पुढच्या पावसाळ्यानंतर, दिवाळी झाल्यावर, मोठीबाईने चिखल नाकाशी नेला आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "जित्ता हाय." मग तिनेच पहिलं जाळं फेकलं. त्या दिवशी गावात एकही चूल माशावाचून राहिली नाही. कमळं इतकी होती की पोरं पानं डोक्यावर घेऊन हिंडत होती. उन्हाळ्यात विहिरी आटल्या नाहीत. खाणीवरची कुटुंबं एकेक करून परतली, कुलपं निघाली, घरांवर नवी कौलं चढली. बारातली अकरा घरं नांदती झाली. बारावं तिचंच, पण त्यात ती एकटी. सुकरूला तिने तीनदा निरोप धाडला. तो आला नाही.

मला ती कधी खचलेली दिसली नाही. शेजारच्या गावची माणसं मेलेल्या तलावाचा चिखल फडक्यात बांधून तिच्याकडे आणायची आणि ती ओट्यावर बसून वास घेऊन सांगायची, काय लावा, किती पाण्यात लावा, माहेरं कोणाची कुठे आहेत. माझी बदली भामरागडकडे झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. ती म्हणाली, "पाळ चांगली बांधली तू. फुटनार नाई." एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला पुढे नोकरीत मिळालं नाही. मी तेव्हाही बोललो नाही, की सुकरूला मी स्वतः जाऊन सांगतो. मनात होतं. राहून गेलं.

तीन-चार वर्षांनी चांद्याला कामासाठी आलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावी गेलो. पाळीवर चढलो आणि पाहतच राहिलो. पश्चिमेला देवधान वाऱ्यावर हलत होतं, त्यात सारसांची एक जोडी चरत होती. मी मोहल्ल्यात उतरलो. मोठीबाईच्या दारात तिची सून धान पाखडत होती. तिने मला ओळखलं नाही. मोठीबाई चैतात गेली, असं तिने सांगितलं. सकाळी तलावावर जाऊन आली, जेवली, निजली, ती उठलीच नाही.

"हे तलावावर हायत," ती नवऱ्याबद्दल म्हणाली.

सुकरू पश्चिमेच्या काठाला दगडावर बसला होता. जाळं खांद्यावर, कोरडं. दहाव्याला आलो तो इथेच राहिलो, असं म्हणाला. मी शेजारी उभा राहिलो. मग मी त्याला सगळं सांगितलं. गाळ कोणी उचलला, वर्ष कोणामुळे गेलं, तिने ते त्या दिवशी का नाही सांगितलं ते मला ठाऊक नाही, असंही सांगितलं. तो ऐकत असताना एकदाही माझ्याकडे वळला नाही. त्याला आईने काहीच सांगितलं नव्हतं, हे त्याच्या मानेवरून मला कळलं.

"तुमी तं तिथीच उभे होते जी," तो शेवटी म्हणाला. "मंग त्या दिवशी बोलले काऊन नाई?"

मी नुसता उभा राहिलो, उन्हं पाठीवर घेऊन. त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. देवधानाच्या कडेला एक तांबूस गोळा संथपणे फिरत होता.

"सायेब, तुमची सावली पडून राह्यली पिल्लाइवर," तो म्हणाला. "थोडं इकडं सरका."

मी सरकलो.